रिकॉम्बिनंट प्रोटीनची (जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेल्या प्रोटीनची) व्हायल, म्हणजे छोटी बाटली, हातात आली, आता उघडायची कशी?

पहिली गोष्ट, व्हायल रिकामी दिसली तर घाबरू नका. मी पहिल्यांदा असलं ह्युमन सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते प्रोटीन) मागवलं तेव्हा आत काहीच दिसेना म्हणून कंपनीला तावातावाने मेल टाकला होता, नंतर कळलं की १० मायक्रोग्रॅम प्रोटीन डोळ्याला दिसतच नाही, काचेला पातळ थर होऊन चिकटलेलं असतं. ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉल घालून फ्रीझ-ड्राय केलं असेल तरच पांढरा गोळा दिसतो, आणि तो गोळासुद्धा बहुतेक साखरेचाच असतो.

फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका. आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाही तर थंड काचेवर हवेतली वाफ धरते आणि कोरडी पावडर ओली होते. मग बंद झाकणानेच थोडा वेळ सेंट्रीफ्यूजमध्ये स्पिन मारा, कारण निम्मा माल झाकणाला चिकटलेला असू शकतो आणि झाकण उघडलं की तो गेलाच.

आता विरघळवायचं कशात, तर सोबतच्या कागदावर लिहिलंय त्यातच. सगळं पीबीएसमध्ये (नेहमीच्या न्यूट्रल फॉस्फेट-मिठाच्या बफरमध्ये) विरघळतं असं समजून चालणारे खूप भेटतात. टीजीएफ-बीटा १ या सायटोकाइनला साधारणपणे ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, न्यूट्रल बफरमध्ये ते नीट विरघळत नाही आणि ट्यूबला चिकटतं ते वेगळंच. बफर भिंतीवरून हळू सोडा, १०-१५ मिनिटं तसंच राहू द्या, मग हलक्या हाताने फिरवा. व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) अजिबात नको, फेस आला की हवेच्या सीमेवर प्रोटीन उलगडतं आणि गुठळ्या होतात.

हिशोब सोपा आहे, ५० मायक्रोग्रॅममध्ये ५०० मायक्रोलिटर घातलं की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम. १० मिलिलिटर मीडियात (पेशी वाढवायच्या द्रावणात) २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पाहिजे असेल तर २ मायक्रोलिटर पुरतात, पण एवढं कमी पिपेट करताना चूक होते म्हणून मी मध्ये एक डायल्यूशन करते. या डायल्यूशनमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालाच, नाही तर पातळ द्रावणातलं प्रोटीन प्लास्टिकच पिऊन टाकतं. मात्र प्रोटीनला डाय (रंग) लावायचा असेल तर बीएसए नको, कारण डाय बीएसएलाच जाऊन बसेल, त्यासाठी कॅरियर-फ्री, म्हणजे बीएसए न घातलेला माल मागवावा. स्टराइल करायला फिल्टर मारावासा वाटेल, शक्यतो मारू नका, मेंब्रेनवर बरंच राहून जातं. बफरच आधी फिल्टर करा.

मग लगेच अलिक्वॉट, म्हणजे छोट्या ट्यूबांमध्ये वाटणी. एका प्रयोगाला एक ट्यूब, लो-बाइंडिंग (प्रोटीन कमी चिकटणारी) असेल तर उत्तम, एकेका ट्यूबमध्ये १०-२० मायक्रोलिटरपेक्षा कमी नको, आणि ठेवायचं शक्यतो उणे ८० ला. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर टाळा, तो बर्फ घालवायला स्वतःच मधूनमधून गरम होतो. ट्यूब एकदा वितळली की परत गोठवायची नाही, उरलं तर उरलं, जीव तुटतो पण फेकायचं. ट्यूबवर नाव, तारीख आणि लॉट नंबर लिहा, "प्रोटीन नवीन" असं लिहिलेल्या ट्यूबा मी पाहिल्यात.

एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात, एंडोटॉक्सिन. ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेल्या प्रोटीनसोबत त्याच्या आवरणातलं एलपीएस (हेच एंडोटॉक्सिन) येऊ शकतं, आणि मॅक्रोफेज किंवा मोनोसाइट या रोगप्रतिकारक पेशींवर काम करत असाल तर टीएनएफ (दाह वाढवणारं सायटोकाइन) वाढलेलं दिसेल ते प्रोटीनमुळे की एलपीएसमुळे हेच कळणार नाही. म्हणून एक कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) उकळलेल्या प्रोटीनचा ठेवा: बहुतेक प्रोटीनं उकळून मरतात, एलपीएसला तेवढ्याने फारसं काही होत नाही. उकळूनही पेशी तेवढ्याच चिडल्या तर संशय एलपीएसवर. दुसरा कंट्रोल नुसत्या बफरचा, बीएसए आणि ॲसिडसकट.

एचईके २९३ या मानवी पेशींमध्ये बनवलेलं प्रोटीन जेलवर (आकारानुसार प्रोटीन वेगळी करणाऱ्या चाचणीत) हिशोबापेक्षा वर, म्हणजे मोठं दिसलं तर लगेच तक्रार करू नका, त्याला साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात. आणि सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते विष) घातलेला बफर पेशींवर टाकू नका, प्रोटीनआधी अझाइडच त्यांना मारेल.