आरव्हीत हिवाळा काढायचा तर प्रदेश कसा निवडावा

अमेरिकेत थंडी टाळायला आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन निघणारे बरेच जण नकाशावर जितकं खाली जाता येईल तितकं जातात. हा हिशोब निम्माच बरोबर आहे. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ आणि फीनिक्स यांच्यात अडीच तासांचाही रस्ता नाही, पण फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर आणि फीनिक्स ११०० फुटांवर. एकीकडे बर्फ, दुसरीकडे दुपारी हाफ शर्ट. दर हजार फुटांमागे तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं. त्यामुळे जागा पाहताना आधी समुद्रसपाटीपासूनची उंची पाहा, अक्षांश नंतर. युमा जवळपास समुद्रसपाटीला, टूसॉन २,४०० फुटांवर, सिएरा व्हिस्टा ४,६०० फुटांवर. तिन्ही गावं दक्षिण ॲरिझोनातलीच, पण तिथल्या रात्री अगदी वेगळ्या.

आणि पाहायची ती रात्रच. जाहिरातीत दुपारचे ७० अंश (सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये) छापलेले असतात, पण आरव्हीची परीक्षा पहाटे चारला होते. हवामान खात्याची १९९१ ते २०२० ची सरासरी उघडा, जानेवारीचं किमान तापमान पाहा, आणि महिन्यात किती रात्री पारा ३२ च्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, खाली जातो तेही पाहा. सरासरी किमान ४५ च्या वर असेल तर निवांत. ३८ ते ४५ मध्ये थोडी तयारी लागते. त्याखाली खिडक्यांना इन्सुलेशन, गाडीखालची मोकळी जागा झाकणारं स्कर्टिंग आणि गरम होणारी पाण्याची नळी यांशिवाय राहण्यात अर्थ नाही.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते गॅसच्या हिशोबात दिसतं. ताशी ३०,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) फर्नेस, म्हणजे गाडी गरम करणारा गॅसचा हीटर, असेल आणि एका गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू, तर एका गॅलनवर बर्नर तीन तास चालतो. २० पाउंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन असतो, म्हणजे सगळा मिळून चौदा तासांचा जाळ. किमान ४५ असलेल्या रात्री फर्नेस मधूनमधून लागून एकूण दोनेक तास चालेल आणि सिलिंडर आठवडाभर पुरेल. २८ च्या रात्री सहा-सात तास चालेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गॅस भरायला निघाल.

गॅसपेक्षा आधी दगा देते ती बॅटरी. फर्नेसचा फॅन १२ व्होल्टवर ७-८ अँपिअर खातो. सहा तासांत ४२-४८ अँपिअर-अवर झाले. १०० अँपिअर-अवरच्या लेड ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढायचं नसतं, म्हणजे फॅननेच ती जवळपास संपवली. व्होल्टेज उतरलं की फॅन मंद फिरतो, हवेच्या जोरावर लागणारा सेल स्विच लागत नाही आणि बर्नर पेटतच नाही. सिलिंडर भरलेला, फॅनची घरघर चालू, पण येतेय थंड हवा. फर्नेस बिघडली असं वाटून लोक दुरुस्तीवाल्याला बोलावतात. आधी व्होल्टमीटर लावा.

आता प्रदेश.

ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरचं वाळवंट, म्हणजे युमा, क्वार्टझसाइट आणि आसपास, हुकअपशिवाय, म्हणजे वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय, राहणाऱ्यांसाठी आमच्या मते सगळ्यात सोयीचं. हवा कोरडी, ऊन भरपूर. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या साध्या जमिनीवर सहसा १४ दिवसांची मर्यादा असते, पण ला पोसा आणि इम्पीरियल डॅमसारख्या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रांत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा पूर्ण हंगाम एका परमिटवर राहता येतं. हंगामाचं परमिट वर्षानुवर्षं १८० डॉलर होतं. निघण्यापूर्वी चालू दर तपासा. ला पोसाला पाणी आणि सांडपाणी रिकामं करायचं डम्प स्टेशन आहे, मात्र गाडीत स्वतःचे टँक हवेत. दोघांनी काटकसरीने दिवसाला ७ गॅलन वापरलं तरी ४० गॅलनचा टँक सहा दिवसांत संपतो, म्हणजे आठवड्यातून एक फेरी ठरलेली. तोटे: दिवस-रात्रीत २५-३० अंशांचा फरक, धुळीचा वारा, आणि वायरी कुरतडणारे पॅकरॅट नावाचे उंदीर. रात्री इंजिनचं बॉनेट उघडं ठेवलं की त्यांना आडोसा मिळत नाही; उपाय विचित्र दिसतो, पण चालतो.

सोलरवर राहणार असाल तर एक लक्षात ठेवा. डिसेंबरच्या शेवटी युमात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर असतो. छतावर सपाट पडलेलं पॅनेल जूनच्या निम्म्याहूनही कमी वीज देतं. पॅनेल दक्षिणेकडे ५० ते ५५ अंश तिरकं उचलता येत असेल तर बराच फरक पडतो.

टेक्सासचं रिओ ग्रँड खोरं, म्हणजे मॅकॲलन, मिशन, हार्लिंजन, महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्यांचं. पार्क पुष्कळ, बरेचसे फक्त ५५ वर्षांवरच्यांसाठी, काही ठिकाणी दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत. बुकिंगच्या आधी हे दोन्ही विचारा. मासिक भाड्यात वीज बहुधा धरलेली नसते. १,५०० वॉटचा हीटर रोज दहा तास लावला तर महिन्याला ४५० युनिट होतात. इथली मेख म्हणजे उत्तरेचा वारा. दुपारी टी-शर्टवर असलेला माणूस संध्याकाळी जाकीट शोधतो. फेब्रुवारी २०२१ च्या लाटेत इथेही पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला आणि वीजही गेली. भरलेला सिलिंडर जवळ हवाच.

फ्लोरिडा एक प्रदेश समजू नका. पेन्साकोला आणि सगळा पॅनहँडल, म्हणजे राज्याचा वायव्येकडचा पट्टा, जानेवारीत थंड असतो, तिथे गोठणाऱ्या रात्रीही येतात. खात्रीची ऊब हवी तर ओकीचोबी तलावाच्या दक्षिणेला जा. अडचण जागेची आहे: स्टेट पार्कचं बुकिंग फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी, बाहेरच्यांना १० महिने आधी उघडतं, आणि एका ठिकाणी सहसा १४ रात्रींची मर्यादा. दक्षिण टोकाच्या कीज बेटांवरच्या जागा तर बुकिंग उघडल्या उघडल्या जातात.

किनारपट्टीवर आणखी एक शत्रू आहे, दमटपणा. दोन माणसांचा श्वास, स्वयंपाक, आंघोळ. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि महिन्याभरात गादीखाली बुरशी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला, छतावरचा व्हेंट बोटभर उघडा ठेवा, हुकअप असेल तर छोटा डीह्युमिडिफायर लावा. चिमणीविना चालणारा प्रोपेन हीटर अशा हवेत टाळाच. तो जळताना पाण्याची वाफ आतच सोडतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळा.

औषधोपचाराची सोय ठरवण्याआधीच पाहा. मेडिकेअर ॲडव्हांटेज (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा प्रकार) योजनांचं डॉक्टरांचं नेटवर्क बहुधा घरच्या भागापुरतं असतं. तातडीचे उपचार बाहेर चालतात, नेहमीची तपासणी चालेलच असं नाही.

शेवटी जाण्याचा रस्ता. मुक्काम ऊबदार असला तरी वाटेतल्या रात्री तशा नसतात. पाइप गोठू नयेत म्हणून घातलेलं गुलाबी अँटीफ्रीझ किमान तापमान ३२ च्या वर स्थिरावेपर्यंत काढू नका. तोवर पिण्यासाठी आणि टॉयलेटसाठी कॅनमधलं पाणी वापरा. पश्चिमेला जाताना फ्लॅगस्टाफवरून जाणाऱ्या आय-४० महामार्गापेक्षा खालचा आय-१० घ्या. सॅन डिएगोच्या पूर्वेला आय-८ चार हजार फुटांवरून जातो आणि तिथे उंच गाड्यांना ढकलणारा वारा असतो. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी घाटाच्या अलीकडेच थांबा, पहाटे वारा पडला की निघा.