परक्या देशाचा संघ हाती घेताना: करारापासून मध्यंतरापर्यंत

फुटबॉल कोच बोरा मिलुटिनोविच यांनी पाच विश्वचषकांत पाच वेगळे देश सांभाळले: मेक्सिको (१९८६), कोस्टा रिका (१९९०), अमेरिका (१९९४), नायजेरिया (१९९८) आणि चीन (२००२). त्यांपैकी पहिले चार बाद फेरीत पोचले. क्लबच्या कोचला खेळाडू रोज भेटतात. राष्ट्रीय कोचच्या वाट्याला मोजके दिवस येतात, त्यामुळे इथे सगळा हिशेब वेळेचा.

आधी करार. वर्क परमिट किंवा कोचिंग लायसन्स मिळेल तेव्हाच करार लागू होईल, असं कलम दिसलं तर काढायला लावा. फिफाच्या नियमांत ते बसत नाही. दोन महिन्यांचे पगार थकले, तर त्या देशाच्या फुटबॉल महासंघाला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्या. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर करार मोडायला सबळ कारण मिळतं. नोटीस न देता चिडून विमानात बसलात, तर हीच बाजू लंगडी पडते.

खेळाडूंना लेखी बोलावणं आंतरराष्ट्रीय विंडो (क्लबांनी खेळाडू देशासाठी सोडायचे दिवस) सुरू होण्याच्या किमान १५ दिवस आधी गेलं पाहिजे, आणि त्याच वेळी त्यांच्या क्लबलाही कळवायचं. महासंघाचा कारकून पाठवेल म्हणून निर्धास्त राहू नका, प्रत मागून घ्या.

नऊ दिवसांची विंडो सोमवारी उघडते. आदल्या रविवारी क्लबसाठी ९० मिनिटं खेळलेला खेळाडू सोमवारी पोचतो. शुक्रवारी सामना असेल तर मंगळवारी त्याला फक्त हलका व्यायाम, बुधवारी एकच पूर्ण सराव, गुरुवारी जेमतेम ४५ मिनिटं. रविवारी बाकावर बसलेल्यांना मात्र मंगळवारीच पळवा. फिटनेस टेस्टचा मोह टाळा: लांबच्या प्रवासाने थकलेल्या पायांवर ती लादली की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जातो आणि क्लबशी भांडणं सुरू होतात.

बुधवारी नवी फॉर्मेशन (खेळाडूंची मैदानावरची मांडणी) शिकवत बसू नका. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना खेळाडूंच्या दोन फळ्यांमधलं अंतर किती ठेवायचं आणि प्रेसिंग (चेंडूवाल्यावर धावून जाऊन दबाव आणणं) कुणी सुरू करायचं, एवढंच पक्कं करा. गुरुवारी सेट पीस, म्हणजे कॉर्नर-फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूवरच्या ठरलेल्या चाली: आक्रमणाचे दोन कॉर्नर, बचावाची एकच पद्धत. प्रत्येकाची जागा त्यांच्या भाषेत लिहून भिंतीवर लावा.

दुभाष्या फुटबॉल खेळलेला हवा आणि महासंघातल्या कुणाचा नातेवाईक नको, नाहीतर ड्रेसिंग रूममधलं बोलणं संध्याकाळी बाहेर फुटतं. त्याने शब्द मवाळ करायचे नाहीत. तुम्ही ‘मी’ म्हणालात तर त्यानेही ‘मी’च म्हणायचं. दोन वाक्यं झाली की थांबा. ‘मागे माणूस आहे’, ‘वळ’, ‘वेळ आहे’, ‘पुढे सरका’ असे वीसेक शब्द मात्र स्वतः पाठ करा, टचलाइनवरून दुभाष्या पुरा पडत नाही.

मध्यंतर १५ मिनिटांचं. पाणी पिऊन, श्वास खाली बसेपर्यंत पाच जातात, परत मैदानात उतरायला दोन. उरलेल्या आठांत भाषांतर धरलं तर तुमच्या तोंडी चारच मिनिटं येतात. तीन मुद्द्यांच्या वर गेलात की तिसराही कुणाच्या लक्षात राहत नाही.

मानपान आधी ओळखा. दक्षिण कोरियात वयाचा मान मैदानातही आड यायचा. तिथले डच कोच गुस हिडिंक यांनी तरुणांना थोरल्यांशी बिनधास्त बोलायला लावलं. २००१ मध्ये फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताक, दोघांकडून ५-० असा मार खाल्ल्यावर हिडिंक यांना ‘पाच-शून्य’ असं टोपणनाव पडलं. पुढच्याच वर्षी तो संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत होता. असे दणके बसणार असतील तर ते मैत्रीपूर्ण सामन्यांत बसलेले बरे, म्हणून तगडे प्रतिस्पर्धी तुम्हीच मागून घ्या.