धावताना घड्याळातले हृदयगतीचे आकडे खरे कसे मिळवायचे

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको. त्याच्या वर, कोपराच्या दिशेने एक-दोन बोटं सरकवून बांधा. पट्टा इतका घट्ट हवा की हात हलवला तरी मागचा सेन्सर त्वचेवरून घसरू नये. सैल पट्ट्यात बाहेरचा उजेड आत शिरतो आणि कधीकधी घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ठेकाच मोजू लागतं. रमतगमत धावताना आकडा अचानक १७०-१८० वर जाऊन तिथेच चिकटला, तर शंका घ्या: थांबा, पट्टा आवळा, पुन्हा बघा. थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह घटतो, म्हणून आधी दहा मिनिटं अंग गरम करा.

मोकळ्या आकाशाखाली जीपीएस सिग्नल पक्का झाल्यावरच स्टार्ट दाबा, नाहीतर सुरुवातीचं अंतर चुकतं. क्षणाक्षणाचा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) उड्या मारतो. स्क्रीनवर लॅपचा, म्हणजे धावेच्या एका टप्प्याचा, सरासरी पेस ठेवा.

झोन (हृदयगतीच्या पातळ्या) ठरवताना २२० वजा वय हे सूत्र ढोबळच. प्रत्यक्ष कमाल हृदयगती त्याहून १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज असते. शर्यतीत किंवा चढावरच्या जोरदार धावेत दिसलेला खात्रीचा सर्वोच्च आकडा सेटिंगमध्ये भरा. सोप्या धावा त्याच्या साधारण ६० ते ७५ टक्क्यांत, म्हणजे बोलता येईल अशा वेगाने.

छोट्या इंटरव्हलमध्ये (थोडा वेळ जोरात, मग सावकाश धावताना) मात्र हृदयगती मागून वाढते. तिथे पेस बघा, किंवा छातीला बांधायचा हृदयगती मोजणारा पट्टा वापरा. त्याचे इलेक्ट्रोड (त्वचेला टेकणारे भाग) आधी ओले करायचे. उन्हात लांब धावताना त्याच वेगाला ठोके चढत जातात, तेव्हा वेग उतरवा.