रॅपचं समीक्षण वाचताना पट्टी कुणाची ते ओळखा

आधी मासिकाचं गाव बघा. 'द सोर्स' हे अमेरिकेतलं रॅपचं मासिक १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं, पुढे ते न्यूयॉर्कला गेलं. तिथे अल्बमला गुण म्हणून पाचपैकी 'माइक' मिळत. न्यूयॉर्कचा रॅपर नास याच्या 'इलमॅटिक'ला १९९४ मध्ये पाचही मिळाले; दाट यमकं, शब्दांची करामत हीच मोजपट्टी ठरली. गाडीत वाजवायचा अमेरिकेच्या दक्षिणेचा जड बेस त्या पट्टीवर बसतच नव्हता. १९९५ च्या 'सोर्स'च्याच पुरस्कार सोहळ्यात, न्यूयॉर्कमध्ये, दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीची हुर्यो उडवली गेली. त्यांना पाच माइक मिळायला १९९८ उजाडलं.

आता वही घ्या. एकाच वर्षाची वीस समीक्षणं, चार रकाने: शहर, लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी), गुण, विशेषणं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. एकाला 'काव्यात्म' आणि दुसऱ्याला नुसतं 'नाचायला बरं'? तिथेच पाणी मुरतंय.

चूक होते ती इथे: फक्त छापून आलेलं मोजलं जातं. दक्षिणेतल्याच ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूच्या संथ केलेल्या टेप सुरुवातीला त्याच्या घरातूनच विकल्या जात. समीक्षकाच्या टेबलावर प्रत पोचलीच नाही, तर गुण कुठून? म्हणून पाचवा रकाना आखा, न आलेल्यांचा. तो भरायला त्या शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानांच्या जुन्या जाहिराती कामी येतात.