रीजन्सी कादंबरीतलं नकोसं लग्न आधी कागदावर लावा

रीजन्सी काळ म्हणजे इंग्लंडमधली १८११ ते १८२० ही वर्षं. त्या काळच्या उमराव घराण्यातलं मनाविरुद्धचं लग्न लिहायला घेतलं की पहिला मोह खाष्ट बापाचा होतो. बाप हुकूम सोडतो, मुलगी रडते, लग्न लागतं. कथा इथेच पातळ होते, कारण कायद्याने संमतीशिवाय लग्न नव्हतंच. पाद्र्यासमोर मुलगी 'नाही' म्हणाली की विधी थांबला. मग दोघंही 'हो' का म्हणतात? उत्तर पैशात शोधा, आणि पहिलं प्रकरण लिहिण्याआधी त्यांचा लग्नाचा करार स्वतः मांडून बघा. एक पान पुरतं.

आकडे असे धरा. नायक अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा किताबधारी उमराव. जमीन भरपूर, पण घराण्याच्या जुन्या करारात अडकलेली. हयातभर उत्पन्न खायचं, विकायची सोय नाही. वर वडिलांनी मागे ठेवलेलं कर्ज. नायिका व्यापाऱ्याची मुलगी, पोर्शन २०,००० पौंड. पोर्शन म्हणजे आपला हुंडाच, फक्त बदल्यात नवऱ्याकडून लेखी हमी घेतली जाई. नवरा आधी गेला तर विधवेला दरसाल मिळणारी रक्कम म्हणजे जॉइंचर. ती साधारण पोर्शनच्या दहा टक्के, इथे २,००० पौंड. पिन-मनी ही चोळीबांगडीची नेमणूक, ३००-४०० पौंड पुरेत. पोर्शनमधून गहाण सुटतं, म्हणून त्याचं 'हो'. तिच्या 'हो'ला वेगळं कारण द्या. थोरली काउंटेस, म्हणजे अर्लची बायको, झाली की धाकट्या बहिणींना चांगली स्थळं येतात, हे कारण बापाच्या दटावणीपेक्षा कितीतरी घट्ट बसतं.

लग्नानंतर तिच्याजवळची रोकड, दागिने सगळं नवऱ्याचं. विश्वस्तांच्या हाती बांधून ठेवलेलं तेवढंच वाचतं. त्यामुळे करार वाचला जातो तो प्रसंग चर्चमधल्या प्रसंगापेक्षा मोठा लिहा. वकील आवाज खाली आणून 'अर्लसाहेबांच्या पश्चात' म्हणतो. समोर बसलेल्या, अजून नीट ओळखही न झालेल्या धडधाकट माणसाच्या मरणानंतरचा हिशेब ती त्याच्या देखत ऐकते. तो हातमोज्याची शिवण चाचपत बसतो. नाचाच्या दालनापेक्षा ठिणगी इथे लवकर पडते.

लग्न लावायच्या वाटा तीन. १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविक कायद्यात त्या ठरल्या होत्या. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची, ते बॅन्स. गावभर बोभाटा होतो म्हणून बड्या घरांना नकोसं. दुसरी, बिशपचा साधा परवाना. २१ वर्षांखालच्या मुलीला वडिलांची संमती हवी. दोन्हींत लग्न चर्चमध्ये आणि सकाळी आठ ते दुपारी बारा याच वेळात. तिसरी, कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना. यावर घरीही लग्न लागतं, रात्रीही. मेणबत्त्यांच्या उजेडातलं लग्न हवंच असेल तर आधी हा मिळवून द्या. मात्र वधूचं नाव कोरं सोडलेला परवाना खिशात घेऊन फिरणारा नायक खोटा. दोन्ही नावं अर्जाच्या वेळीच द्यावी लागत. पांढरा झगा चालेल, पण वधूचा नियम म्हणून नको. तो पायंडा राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधल्या लग्नानंतर रुजला. रजिस्टरवर दोन साक्षीदार लागतात. तिथे एक बारकावा हाती येतो: अर्ल सही म्हणून किताबाचा एकच शब्द लिहितो, ती माहेरचं पूर्ण नाव शेवटचं लिहिते.

'सहा महिने नवरा-बायकोसारखं राहू, मग लग्न रद्द करून घेऊ' हा सौदा नव्या लेखकांना फार आवडतो. तो टिकत नाही. शरीरसंबंध आला नाही एवढ्यावर लग्न रद्द होत नसे. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि १८५७ पर्यंत तो फक्त चार बायकांना मिळाला. दार बंद आहे हे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या.

मराठीत सगळ्यात जास्त घसरतं ते संबोधनात. समजा नायक थॉमस, अर्ल ऑफ एल्मफर्ड. त्याची मेरी लग्नानंतर 'लेडी एल्मफर्ड'. 'लेडी मेरी' लिहिलंत की ती ड्यूक, मार्क्विस किंवा अर्लची लेक ठरली. चारचौघांत ती त्याला 'एल्मफर्ड' म्हणेल, नोकर 'मायलॉर्ड'. 'अहो' टाळा, त्या एका शब्दाने वाचक थेट सदाशिव पेठेतल्या वाड्यात जाऊन बसतो. दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणोत. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे 'यू' हा एकच शब्द असतो, आपल्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं आहे. ते लवकर खर्चू नका. अडीचशे पानांत पहिलं 'तू' दीडशेव्या पानापुढे, तेही भांडणात, तिच्या तोंडून निसटलेलं. त्याच्या ते लक्षात आलं हे निवेदनात सांगू नका. उत्तर देताना तो 'तुम्ही'च म्हणेल, फक्त त्यापुढचं 'लेडी एल्मफर्ड' गळालेलं असेल.