अनुसमर्थनाचा विलंब: उत्तर लिहिताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमधील मुलांची सायटीस करारावरील उत्तरे तपासताना एक घोळ हमखास आढळतो. स्वाक्षरी झाली म्हणजे देश करारात आला, असे धरून पुढचे सारे उत्तर रचलेले असते.

धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा हा करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला आणि १ जुलै १९७५ रोजी अमलात आला. आयर्लंडने १ नोव्हेंबर १९७४ रोजी स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थनाचा (म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याच्या अंतिम मान्यतेचा) दस्तऐवज, असे दस्तऐवज जमा करून घेणाऱ्या स्वित्झर्लंड सरकारकडे पोहोचला तो थेट ८ जानेवारी २००२ रोजी. हा सत्तावीस वर्षांचा विलंब मोजताना तिसरी तारीख विसरू नये, कारण दस्तऐवज सादर झाल्यावर नव्वद दिवसांनी करार त्या देशाला लागू होतो. म्हणून आयर्लंडसाठी ८ एप्रिल २००२. उत्तरातील तारखा जुळत नसतील, तर बहुधा या तिन्हींची सरमिसळ झालेली असते.

विलंबाच्या काळात त्या देशात व्यापाराला मोकळे रान होते, हे विधानही घाईचे आहे. युरोपीय समुदायाच्या नियमांमुळे १९८४ पासून आयर्लंडला सायटीसच्या तरतुदी पाळाव्याच लागत होत्या. शिवाय सदस्य नसलेल्या देशाशी व्यापार करतानाही सदस्य देशाला सायटीसच्या परवान्यांऐवजी त्या देशाची तुल्य कागदपत्रे स्वीकारता येतात, अशी तरतूद कराराच्या दहाव्या अनुच्छेदात आहे. अडले होते ते स्वतःच्या कायद्यापाशी: २००० च्या वन्यजीव सुधारणा कायद्यानंतरच अनुसमर्थनाची वाट मोकळी झाली.

भारताची गोष्ट याच्या उलट, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. आपण २० जुलै १९७६ रोजी अनुसमर्थन केले (संसदेने नव्हे, सरकारने, ही चूक फार होते) आणि १८ ऑक्टोबरपासून करार लागू झाला. परंतु वन्यजीव संरक्षण कायद्यात सायटीसचे स्वतंत्र प्रकरण आले ते २०२२ च्या दुरुस्तीने. तोवर काम मुख्यतः सीमाशुल्क आणि परकीय व्यापाराच्या नियमांवर चालले.

स्थानिक उदाहरण देताना मात्र जपावे. यावलच्या रानातून मांडूळ पकडून जळगावातच विकले, तर तो सायटीसचा भंग नसून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालील गुन्हा ठरतो. सायटीसचा प्रश्न माल देशाच्या सीमेबाहेर निघाला की येतो.