पिंजऱ्यातल्या दांड्या आणि खेळणी

पहिल्यांदा एक सांगतो: आपला देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. हे लिहितोय ते कॉकटिएलसाठी, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या परदेशी पोपटासाठी. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात एक आहे, दिवसभर शिट्ट्या मारतो.

पिंजऱ्याबरोबर येणारी गुळगुळीत, एकसारख्या जाडीची दांडी आधी काढा. पायाच्या एकाच जागेवर भार पडून तळवा सुजतो, पुढं जखम होते. त्याऐवजी पेरूची फांदी लावा. एका टोकाला बोटाएवढी, दुसऱ्याला अंगठ्यापेक्षा जाड, मध्ये गाठी असलेली बघून घ्या. धरल्यावर पुढची-मागची नखं एकमेकांना भिडली, तर फांदी बारीक आहे असं समजा. औषध न फवारलेल्या झाडाचीच आणा, घासून धुवा, कडक उन्हात वाळवा. साल ठेवा, सोलायला त्याला मजा येते. कण्हेर चुकूनही नको, विषारी असते. वाळूकागद गुंडाळलेली दांडी तर पायाला सोलूनच काढते. दाण्या-पाण्याच्या वाटीवर दांडी नको, सगळी शिट त्यातच पडते.

खेळण्यांवर पैसे उधळू नका राव. मक्याचं रिकामं कणीस, नारळाची करवंटी, कोरा पुठ्ठा एवढ्यावर तो खूश. जस्ताचा मुलामा असलेली तार आणि सुटे धागे निघणारी दोरी टाळा; जस्त पोटात जातं, धाग्यात नख अडकतं. आरसा मला पटत नाही, पाखरू त्यातच गुंतून बसतं. नवीन खेळणं आधी पिंजऱ्याबाहेर टांगा, बुजणं गेलं की आत.